उंब्रजचा पाऊस आणि महासागराच्या नोंदवह्या

१/ उंब्रज. कराड तालुक्यातले, पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे गाव. येथे तारळी नदी कृष्णेला मिळते. गावापासून पश्चिमेस सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटरवर कोयनानगर आहे. तेथे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेस जवळपास तेवढ्याच अंतरावर खटाव-माणचा अवर्षणप्रवण पट्टा आहे. तेथे पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. या दोन टोकांच्या मध्ये राहणारा शेतकरी पंचांगात मृगाचे वाहन पाहतो आणि मोबाईलवर हवामान खात्याचा अंदाज. त्या दुसऱ्या अंदाजाची जडणघडण कशी झाली, याचा हा धागा. 🧵

२/ या इतिहासाचा आरंभ दुष्काळात आहे. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. १८७६-७८ च्या महादुष्काळाने मुंबई व मद्रास इलाखे होरपळले. साताऱ्याचा पूर्व भागही त्यातून सुटला नाही. या काळात भारतावरील वायुभार नेहमीपेक्षा अधिक आहे, हे ब्लॅनफर्ड यांच्या लक्षात आले. त्यांनी इतर देशांतील वेधशाळांकडे वायुभाराचे आकडे मागितले. ऑस्ट्रेलियातूनही तसेच आकडे आले.

३/ १८८८ मध्ये अ‍ॅडलेड येथील चार्ल्स टॉड यांनी दोन्ही देशांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि म्हटले की भारतातील व ऑस्ट्रेलियातील दुष्काळ बहुधा एकाच वेळी पडतात. मधे हजारो मैलांचा समुद्र, तरी दुष्काळ एकाच वेळी! हा शोध एकट्या भारताच्या वहीतून लागला नसता आणि एकट्या ऑस्ट्रेलियाच्या वहीतूनही नाही. दोन वह्या शेजारी ठेवल्यावरच तो दिसला. पुढच्या साऱ्या कथेचे सूत्र येथेच आहे.

४/ तथापि नोंदी गोळा झाल्या म्हणजे ज्ञान झाले असे नव्हे. ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून मान्सूनचा अंदाज बांधण्याची पद्धत घातली. १८८६ पासून असे अंदाज नियमित निघू लागले. त्यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांनी १८९९ साठी चांगल्या पावसाचा अंदाज दिला. प्रत्यक्षात त्या वर्षी मान्सून कोलमडला आणि लोकस्मृतीत ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणून कोरला गेलेला काळ ओढवला (विक्रम संवत १९५६). पर्जन्यमापकाची नोंद गावातून वर गेली. गावाकडे परत आला तो चुकीचा अंदाज.

५/ १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर या पदावर आले. ते केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. जगभरच्या केंद्रांतील वायुभार, तापमान व पावसाचे आकडे त्यांनी एकत्र केले आणि भारतीय कारकुनांच्या साहाय्याने, हाताने, हजारो सहसंबंध काढले. त्यातून दिसले की प्रशांत महासागरावर वायुभार वाढतो तेव्हा हिंदी महासागराच्या बाजूस तो घटतो, आणि उलटही घडते. या झोक्याला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले.

६/ येथे एक विसंगती आहे. वॉकर शोधत होते मान्सूनची पूर्वसूचना. हाती लागले ते असे की मान्सूनचा संबंध आधीच्या घटनांपेक्षा नंतरच्या घटनांशीच अधिक घट्ट आहे! म्हणजे भारताचा अंदाज बांधण्यासाठी मांडलेल्या गणिताने इतर देशांच्या अंदाजाला हातभार लावला. या आंदोलनाचे मूळ समुद्राच्या तापमानात आहे, ‘एल निनो’त आहे, हे याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये उलगडून दाखवले. तोवर वॉकर जाऊन दहा वर्षे उलटली होती.

७/ मधल्या काळात केंद्र आपल्याकडे सरकले. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. शीतयुद्ध ऐन भरात असतानाही अमेरिका व सोव्हिएत संघासह अनेक देशांची चाळीसहून अधिक जहाजे तिच्यात उतरली. हवामानाच्या नोंदी येत होत्या मुंबईत, कुलाब्याच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात. याच मंथनातून १७ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. ही दुसरी आज गोव्यात दोनापावला येथे आहे.

८/ आता ‘प्रारूप’, म्हणजे मॉडेल. पृथ्वीच्या वातावरणाचे व समुद्राचे चौकोनी तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात तापमान, वारा, बाष्प, क्षारता यांचे आकडे भरायचे. आणि भौतिकशास्त्राची समीकरणे सोडवत काळ थोडाथोडा पुढे ढकलायचा. पुण्याच्या संस्थेतून अमेरिकेत गेलेले जगदीश शुक्ला यांनी १९७५ मध्ये प्रिन्स्टनच्या प्रारूपात अरबी समुद्राचा पश्चिम भाग थंड करून पाहिला, तेव्हा प्रारूपातल्या भारतावरचा पाऊस घटला. पुढे दुसऱ्या एका अमेरिकी संस्थेच्या प्रारूपात तसाच प्रयोग झाला. तेथे परिणाम इतका स्पष्ट दिसला नाही. एकाच प्रश्नाला दोन यंत्रांची दोन उत्तरे! प्रारूपे शेजारी ठेवून पारखण्याची निकड का आहे, ते येथे समजते.

९/ या परंपरेतले मोठे मराठी नाव म्हणजे सुलोचना गाडगीळ. जन्म पुण्यात, १९४४. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवून त्या १९७१ मध्ये परतल्या, काही काळ पुण्याच्या संस्थेत होत्या आणि पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रमल्या. १९८० मध्ये डी. आर. सिक्का यांच्यासह त्यांनी उपग्रहांच्या चित्रांवरून मान्सूनच्या ढगपट्ट्याचा प्रवास मांडला. १९८४ मध्ये पी. व्ही. जोसेफ व एन. व्ही. जोशी यांच्यासह त्यांनी दाखवले की समुद्राचा पृष्ठभाग साधारण २८ अंश सेल्सिअसच्या वर गेला की त्यावर मोठे ढग बनण्याची शक्यता एकदम वाढते. शेतकऱ्याने पेरणी कधी करावी, या प्रश्नावरही त्यांनी शेतकऱ्यांशी बोलून काम केले. २०२५ मध्ये त्या गेल्या.

१०/ सहकार्याचा हा प्रवास सरळ रेषेतला नाही. १९८० च्या दशकात भारताला हवा होता तो महासंगणक अमेरिकेने दिला नाही. बऱ्याच वाटाघाटींनंतर कमी क्षमतेचा ‘क्रे’ दिल्लीला मिळाला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ तयार झाला. समुद्राचे आकडे सीमा ओलांडून येत होते. ते दळणारे जाते मात्र आपल्यालाच घडवावे लागले.

११/ आजचे चित्र पाहा. ‘आर्गो’ तरंड्या दोन हजार मीटर खोलीपर्यंत बुडी मारून साधारण दर दहा दिवसांनी वर येतात आणि तापमान व क्षारता कळवतात; ही माहिती कोणालाही खुली असते. २०१२ च्या मान्सून मिशनमध्ये अमेरिकेच्या प्रारूपावर पुण्यात काम झाले. त्यातूनच पुण्याच्या संस्थेचे पृथ्वी-प्रणाली प्रारूप घडले आणि जगभरच्या प्रारूपांच्या तुलना-प्रकल्पात, त्याच्या सहाव्या टप्प्यात, दाखल झाले. घेणारा देश देणाराही झाला. कृष्णेच्या उगमाशी, महाबळेश्वरी, याच संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे.

१२/ मग उंब्रजला काय मिळाले? मान्सून मिशनच्या हंगामी प्रारूपातील चौकोन सुमारे ३८ किलोमीटरचा आहे. कोयनानगर ते उंब्रज अंतर जवळपास तेवढेच! म्हणजे घाटमाथ्याचा धो-धो पाऊस आणि आमच्या शिवारातली भुरभुर यांना प्रारूप एकाच मापात घालू शकते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. दोनच वर्षांनी पुन्हा पूर आला. मे २०२५ मध्ये पुण्यात विकसित झालेली ६ किलोमीटर चौकोनाची प्रणाली कार्यान्वित झाली. चौकोन लहान झाला, पण तो तपासायला खालच्या नोंदीही तितक्याच दाट आणि खऱ्या हव्यात.

१३/ १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये पावसाचे तक्ते आहेत. इतिहासाचे विद्यार्थी बहुधा ती पाने उलटून किल्ले, देवस्थाने आणि सनदांकडे वळतात. मीही तेच करीत आलो. आता वाटते, तो तक्ताही एक दस्तऐवजच आहे. कोणीतरी भर पावसात नळकांडे पाहून तो आकडा लिहिला. त्या आकड्यांवर ऑस्ट्रेलियाशी तुलना झाली, सिद्धांत उभे राहिले, प्रारूपे पारखली गेली. लिहिणाऱ्याचे नाव कोठेच नाही.

१४/ तेव्हा एक विनंती. तुमच्या गावात, शाळेत, साखर कारखान्यात किंवा पाटबंधाऱ्याच्या चौकीत पावसाच्या जुन्या वह्या पडून असतील, तर त्या रद्दीत जाऊ देऊ नका. मोडी कागदांइतक्याच काळजीने त्यांची छायाचित्रे काढा, वर्ष आणि ठिकाण लिहून ठेवा, अभ्यासकांपर्यंत पोचवा. तारळीकाठचा पाऊस समुद्रातून येतो, आणि समुद्राचे गणित बरोबर आले की नाही हे शेवटी तारळीकाठच्या वहीतच तपासावे लागते.