तुकूम, बोडी आणि मामा तलाव

चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीचे नाव तुकूम आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या महसुली दप्तरात नावाला ‘तुकूम’ जोडलेली गावेही बरीच सापडतात. शब्द गोंड राज्याच्या काळचा. जंगल साफ करून जो तलाव बांधेल, त्याला तलावाखाली भिजणारी जमीन सनदेने द्यायची, अशी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांची रीत होती; तुकूम हा शब्द त्यातूनच आला. परंपरा या रीतीचे श्रेय राजा हीरशहाला देते, आणि मेजर ल्युसी स्मिथ यांच्या १८६९च्या जमाबंदी अहवालात गोंड राजांच्या या धोरणाची दखल आहे. राजाला खोदकामाचा खर्च नव्हता. जमिनीचे आमिष पुरेसे होते.

या आमिषाला ओ देणाऱ्यांत कोहळी समाज पुढे होता. आपले पूर्वज काशीकडून आले, असे कोहळी सांगतात. ते मूळचे उसाचे शेतकरी आणि चढउतार ओळखण्यात तरबेज. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या भागात आणि वैनगंगेपलीकडे आरमोरी, वडसा, कुरखेड्याकडे पाऊस भरपूर पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाली कठीण खडक असल्याने तो फारसा मुरत नाही, नाल्यानाल्याने वैनगंगेला जाऊन मिळतो. धानाला मात्र खरी गरज दाणा भरताना, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात असते. नेमका तेव्हाच पाऊस दगा देतो. दोन-तीन आठवड्यांची ही उणीव भरून काढणे, एवढ्यासाठी तलाव होता. बारमाही बागायतीचे स्वप्न त्यामागे नव्हते.

बांधणी साधी दिसते, पण जागा निवडण्यात सगळे कसब. दोन टेकड्यांच्या मधली खोलगट जागा हेरून मातीची पाळ घालायची. वरच्या जंगलातून येणारे पाणी म्हणजे येवा. जास्तीचे पाणी बाजूच्या सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, निघून जाई, म्हणजे पाळ फुटत नसे. पाळीच्या पोटातून पाणी सोडण्याच्या तोंडाला तुडुम म्हणत. तिथून ते नहरेने धानाच्या बांध्यांत जाई आणि एका बांधीतून दुसरीत उतरे. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या शेताच्या वरच्या अंगाला केलेला छोटा तलाव म्हणजे बोडी. मोठ्या तलावाच्या सलंगाचे पाणी खालचा तलाव भरते, अशा साखळ्याही होत्या. वरचे जंगल तोडले की येवा गढूळ होतो आणि तलाव गाळाने भरतो, म्हणून तलाव आणि जंगल ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती.

नागपूरच्या भोसल्यांनी १७५१मध्ये चांदा घेतला, १८५४मध्ये इंग्रज आले. १८६०च्या दशकातल्या जमाबंदीत गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी मिळाली आणि तलावही त्यांच्या नावावर चढले. पाण्याच्या वाट्याचे जुने रिवाज गावाच्या ‘वाजिब-उल-अर्ज’ या रिवाजांच्या नोंदीत लिहिले गेले. पाळीची डागडुजी मात्र गावाच्या श्रमावरच चाले, आणि त्यात वेठबिगारीचा अंशही होता. तो काळ सगळाच गोड नव्हता. सरकारने स्वतः बांधलेले मोठे तलाव नंतरचे आहेत: असोलामेंढा १९१८चा, घोडाझरी १९२३चा.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले, सरकारी टिपणांत आणि बोलण्यात ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात त्यांची संख्या साडेसहा हजारांहून जास्त आहे. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मालक कागदावर बदलला, पण पाळीवर दरवर्षी माती टाकणारा माणूस कागदाने नेमला नाही. गाळ साचला, काठावर बेशरम माजली, बुडीत भागात शेती शिरली.

गाळाने पाण्याचे नेमके काय बिघडते, हे घरात मुलांना दाखवता येते. शाळेच्या पुस्तकातल्या जलचक्रात सूर्य, ढग आणि पाऊस ठळक असतात. जमिनीखालचा भाग एका बाणात उरकतो. तो डोळ्यांना दिसावा म्हणून पारदर्शक टबात वाळूमिश्रित माती उताराने पसरावी, मध्ये चिकणमातीची छोटी पाळ घालावी आणि पाळीखाली भोके पाडलेली अरुंद बाटली विहीर म्हणून पुरावी. वरून झारीने पाणी शिंपडले की तलाव भरतो, आणि थोड्या वेळाने बाटलीच्या तळाशी पाणी दिसते. टबावर प्लास्टिक ताणून तो उन्हात ठेवला की प्लास्टिकच्या आतून थेंब जमतात आणि पुन्हा मातीवर पडतात. हे ढगांचे काम. उतारावर गवताचे तुकडे रोवून पुन्हा शिंपडल्यास पाणी उशिरा आणि कमी गढूळ येते. शेवटी तलावाच्या तळाला चिकणमातीचा पातळ लेप द्यावा आणि तेवढेच पाणी ओतावे. या वेळी तलावात पाणी जास्त वेळ दिसते, पण विहिरीत पाणी उतरायला फार वेळ लागतो. उन्हाने पाणी वर जाणे मात्र चालूच राहते.