होल्डन आणि पांडुरंग : 'कोसला'च्या वाचकप्रतिसादाविषयी

जे. डी. सॅलिंजर यांची 'द कॅचर इन द राय' ही कादंबरी १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली; भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रकाशित केली. या दोन कृतींमधील साम्याची चर्चा मराठी समीक्षेत बहुधा प्रभावाच्या अंगाने झाली. परंतु प्रभावाचा शोध लेखकापाशी थांबतो. होल्डनसारखा भासणारा निवेदक मराठी वाचकाने आपला म्हणून का स्वीकारला, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

साम्ये उघड आहेत. दोन्ही निवेदक प्रथमपुरुषी, बोलभाषेत आणि वडीलधाऱ्यांच्या जगातील खोटेपणावर बोट ठेवीत बोलतात. दोघांच्याही मनात भावंडाच्या मृत्यूचा सल आहे : होल्डनचा भाऊ, पांडुरंगची धाकटी बहीण. होल्डनच्या 'अँड ऑल'सारखीच पांडुरंगच्या तोंडी 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' ही पालुपदे आहेत. मात्र होल्डन सतराव्या वर्षी नुकतेच घडलेले काही दिवस सांगतो, तर पंचविशीतला पांडुरंग बालपणापासूनची सारी वर्षे मागे वळून पाहतो. पौगंडावस्था तेथे संकटापेक्षा हिशेबाचा विषय होते.

वाचनाच्या इतिहासातही हा भेद दिसतो. अमेरिकेत होल्डनविषयीचा वाद मुख्यतः शाळेच्या आवारात झाला. १९६० मध्ये ओक्लाहोमातील टल्सा येथे ही कादंबरी अकरावीच्या वर्गाला नेमल्याबद्दल एका शिक्षिकेस काढून टाकण्यात आले. पुढे तिला परत घेतले गेले, पण पुस्तक वगळले गेले. तेथे प्रश्न होता तो अल्पवयीन वाचकाच्या संरक्षणाचा. 'कोसला'विषयीचा मराठी वाद प्रामुख्याने वाङ्मयीन होता. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथाने रुजवलेल्या रचनाकौशल्याच्या कल्पनेवर वाढलेल्या वाचकाला या कादंबरीत बांधीव कथानक सापडेना. हान्स रॉबर्ट याऊस यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या परिभाषेत सांगायचे, तर येथे अपेक्षांचे क्षितिजच मोडले. तरीही पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या आधीच्या पिढीतील लेखकाने तिचे स्वागत केले, ही गोष्ट हा वाद निव्वळ दोन पिढ्यांमधला नव्हता हे दर्शविते.

या स्वीकारामागे एक सामाजिक कारणही संभवते. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. खेड्यातून शहरात येऊन वसतिगृहात राहणारा, घरच्या पैशावर शिकणारा विद्यार्थी संख्येने वाढत होता. खानदेशातील सांगवीहून पुण्यास गेलेला, तेथे अपयशी ठरून गावी परतलेला पांडुरंग या वाचकाला ओळखीचा होता. होल्डन आणि पांडुरंग दोघेही घरचा पैसा उधळतात. पण पांडुरंगला त्या पैशाचा जाब गावात, वडिलांसमोर द्यावा लागतो. बंड आणि अपराधभाव यांची ही गाठ न्यूयॉर्कच्या हॉटेलांत भटकणाऱ्या होल्डनच्या वाट्याला या रूपात येत नाही. शिवाय 'कोसला'ची अर्पणपत्रिका शंभरांतील नव्याण्णव जणांना उद्देशून आहे. एकाकी निवेदक येथे आरंभापासूनच बहुसंख्यांच्या सोबतीला बसविला आहे.

सुधाकर मराठे यांचा 'ककून' हा इंग्रजी अनुवाद १९९७ मध्ये आला, तेव्हा तुलनेची दिशा पालटण्याची शक्यता निर्माण झाली. इंग्रजीतून वाचणाऱ्याला होल्डन आधी भेटलेला असतो. मराठी वाचकांपैकी अनेकांना पांडुरंगच आधी भेटला. त्यामुळे 'कोसला'ला सॅलिंजरची मराठी आवृत्ती मानणारे वाचन वाचनक्रमाचा परिणाम कृतीच्या गुणधर्मात मोजते. तौलनिक अभ्यासाने कोणी कोणाकडून काय घेतले याबरोबरच कोणत्या वाचकाने कोणती कृती आधी वाचली, याचीही नोंद ठेवणे आवश्यक आहे. पांडुरंगची अस्वस्थता कोठून आली, याच्या उत्तराचा मोठा भाग सांगवी आणि पुणे यांच्यामधील अंतरात आहे.