बाप-लेकांची युद्धपत्रे आणि अक्षराची किंमत



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, किल्ले आणि लढाया उभ्या राहतात. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर चांदबीबी आणि भुईकोट किल्ला. परंतु ज्या इतिहासात तुमच्या-आमच्यासारख्या घरांतील बाप आणि मुलगे आहेत, तो बहुधा साध्या पत्रांतून सापडतो. अशाच पत्रांची ही हकीकत आहे.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये त्यावेळी तीन ब्रिगेड होत्या. त्यांपैकी सतरावी ब्रिगेड आपल्या शहराच्या नावाने ‘अहमदनगर ब्रिगेड’ म्हणून ओळखली जाई. (शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले.) या ब्रिगेडमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री ही पलटण होती. नाव मराठा असले तरी तीत मराठ्यांच्या जोडीने दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या होत्या. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. तेवढ्यासाठी ही मुले समुद्र ओलांडून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. समोर तुर्की खलिफाचे सैन्य, आणि भूमी बगदाद व करबलेची! मुसलमान शिपायाच्या मनाची काय ओढाताण झाली असेल, याची कल्पना आपणच करावी.

डिसेंबर १९१५ मध्ये कूत या गावी ही सेना वेढली गेली. जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसे कैदेत गेली. त्यांतील हजारो वाळवंटातील पायपीट, रोगराई आणि सक्तीच्या मजुरीला बळी पडली. वेढा पडला तसा टपालाचा रस्ताही बंद झाला. मुलगा जिवंत आहे की नाही, हे न कळता कित्येक बापांनी महिनेच्या महिने वाट पाहिली.

आता असा विचार करा, की पत्र आले. पण ते वाचणार कोण? १९११ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानात शंभरातील जेमतेम सहा माणसांना लिहिता-वाचता येत होते. पलटणीतला बहुतेक शिपाई लिहिणाऱ्यापुढे बसून मजकूर सांगे. इकडे बाप ते पत्र घेऊन मास्तर, मौलवीसाहेब किंवा पोस्टमन यांच्याकडे जाई. म्हणजे बाप-लेकाच्या प्रत्येक गोष्टीत दोन परके माणसे हजर! घरातील कर्ज, बहिणीचे लग्न, भावकीचा तंटा, मुलाची भीती, सारे काही त्यांच्यासमोर.

त्यात तिसऱ्याची भर पडली. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैन्याची पत्रे तपासण्यासाठी सरकारने खास कचेरी उघडली होती. १९१५ च्या सुरुवातीस तेथून आठवड्याला १० ते २० हजार पत्रे हिंदुस्थानकडे निघत. तपासनिसांनी त्यांतील काही उतारे इंग्रजीत करून ठेवले. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि त्यांची निवड १९९९ साली पुस्तकरूपाने निघाली. दख्खनी मुसलमान स्वार असलेली डेक्कन हॉर्स ही पलटणही त्याच आघाडीवर होती.

या उताऱ्यांत काय आढळते? बाप लिहितो पिकापाण्याचे, पैशाचे, कोर्टातल्या दाव्याचे, आणि खानदानाची इज्जत राखण्याचे. मुलगा लिहितो बर्फाचे, तोफांचे, मेलेल्या सोबत्यांचे. धाकट्या भावाला फौजेत पाठवू नका, हे सांगायचे असेल तर आडवळणाने लिहावे लागे. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असे कोणी लिहिले तर काळी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल म्हणजे गोरा, असा त्याचा अर्थ. तपासनिसांनीही तो ओळखला होता!

परंतु पालकहो, आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. परदेशातील खेड्यांत बायकासुद्धा वर्तमानपत्र वाचतात, हिशेब ठेवतात, हे या शिपायांनी पाहिले. मग मृत्यूच्या छायेत बसून त्यांच्यापैकी काहींनी घरी लिहिले, की मुलांना शाळेत घाला, मुलींनाही शिकवा. त्यांत मुसलमान शिपाईही होते. शिक्षणाचा हा आग्रह कोणा पुढाऱ्याच्या व्यासपीठावरून आलेला नव्हता. आपले दुःख आपल्या हाताने बापाला लिहिता आले नाही, त्या मुलांचा तो अनुभव होता.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी जुन्या पेटीत पणजोबांचे पत्र, पदक किंवा पेन्शनचा कागद पडला असेल. तो रद्दीत जाऊ देऊ नका. मोडीत असो वा उर्दूत, जाणकाराकडून वाचून घ्या, नक्कल करा आणि घरातल्या सर्वांना ऐकवा. आणि पालकहो, आपल्या मुलीचे पत्र, मग ते कोठूनही येवो, तिने स्वतः लिहिलेले असावे आणि तिच्या आईने स्वतः वाचलेले असावे, एवढी खबरदारी आपण घेऊ या. त्या शिपायांनी बापाकडे दुसरे काय मागितले होते?