पिवळा दिवा, लाल दिवा आणि ताशी ८ किलोमीटर

डॅशबोर्डवरचा तो पिवळा इंजिनाचा दिवा इंजिनाच्या काळजीपोटी आला, असं बहुतेकांना वाटतं. त्याचं मूळ आहे लॉस एंजेलिसच्या हवेत. आरी हागेन-स्मिट नावाचा डच रसायनशास्त्रज्ञ कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादावर काम करत होता. (खरंच, अननस!) तीच उपकरणं त्याने शहराच्या धुरकट हवेला लावली आणि १९५०च्या आसपास दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की डोळे चुरचुरवणारं ते धुकं तयार होतं. पुढे कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये हवेसाठी वेगळं मंडळ काढलं, त्याचा पहिला अध्यक्ष हाच.

धूर कमी करायचा तर इंधन मोजून द्यायला हवं, म्हणजे गाडीत कॉम्प्युटर आला. आणि कॉम्प्युटर आला की एरर मेसेज आलाच! १९८१च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये सॉकेटच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या की दिवा लुकलुकायचा. एकदा, थांबून दोनदा, म्हणजे १२. 'मी जिवंत आहे' इतकाच त्याचा अर्थ. प्रत्येक कंपनीची भाषा मात्र वेगळी. शेवटी १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या नव्या पेट्रोल कारना एकच १६ पिनांचं सॉकेट आणि एकच कोडांची यादी सक्तीची झाली. पुढच्या वर्षी हलक्या डिझेल गाड्याही त्यात आल्या.

डिझेलवाले तोवर निवांत होते. जुन्या डिझेलचा पंप संपूर्ण मेकॅनिकल, त्याला विजेची फारशी गरजच नाही. बिघाड कानाने ओळखायचा नाहीतर धुराच्या रंगावरून. ट्रकच्या जगात हे बदललं ते १९८५ मध्ये, डेट्रॉइट डिझेलने इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणलं तेव्हा. तिथेही लुकलुकणारे कोड होतेच, आणि २५ म्हणजे 'सगळं ठीक'.

आता मोटरहोमची गंमत बघा. बसएवढं हे चाकांवरचं घर, इंजिन मागे, सांगाडा ट्रकचा. त्यामुळे मोठ्या मोटरहोमची भाषा ट्रकची, म्हणजे जे-१९३९. सॉकेट गोल, ९ पिनांचं. कारसाठी घेतलेला स्वस्तातला रीडर तिथे बसतच नाही. कोडही दोन तुकड्यांचा: एसपीएन सांगतो कशाबद्दल तक्रार आहे, एफएमआय सांगतो कसली तक्रार आहे. एकाला १९ बिट, दुसऱ्याला ५. (आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वाचून बरं वाटेल!)

हा दुसरा आकडा न बघताच लोक सेन्सर बदलत सुटतात. एसपीएन १०० म्हणजे ऑइलचं प्रेशर. त्याच्यापुढे एफएमआय १ असेल तर प्रेशर खरंच धोकादायक खाली गेलंय असं कॉम्प्युटरचं म्हणणं, लाल दिवा लागतो, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. तिथेच ३ किंवा ४ असेल तर व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त किंवा कमी आहे, म्हणजे संशय वायरवर नाहीतर सेन्सरवर. डिपस्टिक तरी बघायचीच. मोटरहोम महिनोन्‌महिने उभं असतं, उंदीर वायरी कुरतडतात, बॅटरी उतरते. एकदम आठ-दहा असंबद्ध कोड दिसले तर आधी बॅटरी आणि अर्थिंग तपासावं.

इथपर्यंत दिवा नुसता सांगत होता. २०१० नंतर तो शिक्षाही करायला लागला. नायट्रोजन ऑक्साइड मारण्यासाठी ३२.५ टक्के युरियाचं पाणी धुरात फवारतात. (बीएस-६ नंतर आपल्या ट्रकवाल्यांनाही ते चांगलंच परिचयाचं झालंय.) टाकी रिकामी ठेवून कोणी फसवू नये म्हणून नियम असा की आधी दिवा, मग ताकद कमी, आणि शेवटी ताशी ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर.

तर २०२१ मध्ये झालं असं, की या टाकीतले सेन्सर बिघडत होते आणि चिपच्या टंचाईमुळे नवे मिळत नव्हते. टाकी भरलेली, इंजिन ठणठणीत, पण सेन्सर 'युरिया नाही' म्हणतोय! माणसं आपल्या घरासकट अडकून पडली, कोणी कॅम्पमध्ये, कोणी गॅरेजच्या आवारात. शेवटी पर्यावरण खात्याच्या संमतीने कमिन्सने तात्पुरतं सॉफ्टवेअर दिलं, सेन्सर मिळेपर्यंत ही शिक्षा थांबवणारं.

माझं मत विचाराल तर नियमाचा हेतू चोख होता. २०१५ मध्ये फोक्सवॅगनने सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांमध्ये चाचणी ओळखणारं सॉफ्टवेअर घातल्याचं उघड झालं, तेव्हा अविश्वासाला कारण होतंच. पण 'टाकी रिकामी आहे' आणि 'टाकी मोजता येत नाही' या दोन गोष्टींना एकच शिक्षा, हे डिझाइनच चुकीचं. एफएमआयचे ते पाच बिट नेमका हाच फरक सांगायला होते, आणि शिक्षा ठरवताना त्यांच्याकडे कोणी बघितलंच नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी पर्यावरण खात्याने नवं मार्गदर्शन काढलं: २०२७च्या मॉडेलपासून युरिया संपला तरी गाडीची ताकद अशी अचानक जाऊ नये, आणि जुन्या गाड्यांसाठी कंपन्यांनी सॉफ्टवेअर बदलून द्यावं.