धुराड्यातली वीज

धूर म्हणजे निव्वळ हवा नव्हे. तीत राखेचे, धातूंचे सूक्ष्म कण तरंगत असतात. हे कण विजेने खाली बसवता येतात, हे लाइपझिगच्या होलफेल्डने १८२४ साली बरणीतल्या धुरावर दाखवले होते. पुढे साठ वर्षांनी ऑलिव्हर लॉज यांची ही युक्ती वेल्समधील बॅगिल्ट येथे, शिसे गाळण्याच्या कारखान्यात योजली गेली. परंतु चकत्या फिरवून वीज काढणारे त्या वेळचे यंत्र दुबळे ठरले आणि प्रयत्न फसला.

यश आले कॅलिफोर्नियात. बर्कले येथे रसायनशास्त्र शिकवणारे फ्रेडरिक कॉट्रेल यांना १९०८ साली आपल्या यंत्राचे एकस्व मिळाले. त्याची रीत अशी : धुराच्या वाटेत उभ्या तारा टांगायच्या व त्यांत हजारो व्होल्टची ऋण वीज सोडायची. तारेभोवतीची हवा विद्युत्‌भारित होते, तो भार कणांना चिकटतो आणि कण शेजारच्या, जमिनीशी जोडलेल्या पत्र्यांकडे ओढले जातात. पत्र्यांवर हातोडे आपटले की साचलेली राख खाली पडते.

त्या काळी रिव्हरसाइडजवळ सिमेंटची धूळ संत्र्यांच्या बागांवर बसे आणि बागाइतदार न्यायालयाची पायरी चढत. तेथे ही वीज कामी आली. उलट, बालाक्लालाच्या तांब्याच्या कारखान्यात १९१० साली हेच यंत्र बसवले, तेव्हा धूळ अडली, पण गंधकाचा वायू निसटलाच. १९११ साली भट्ट्या विझवाव्या लागल्या. कण पकडणारे यंत्र वायू पकडत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला.

कॉट्रेल यांना या एकस्वांवर गडगंज होता आले असते. त्यांनी ती १९१२ साली स्थापन झालेल्या ‘रिसर्च कॉर्पोरेशन’ या संस्थेला देऊन टाकली. त्या पैशातून इतरांच्या संशोधनाला हात मिळाला. लॉरेन्स यांचे सायक्लोट्रॉन हे त्यांपैकीच एक.

आपल्या कोराडीच्या नि चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत हीच यंत्रे आहेत. आपल्या कोळशात राख फार आणि गंधक कमी. त्यामुळे ती राख आपला भार सहजी सोडत नाही व यंत्राचे काम अवघड होते. तेव्हा यंत्र बसवून कर्तव्य संपत नाही. त्याचे पत्रे रोज झडतात की नाही, हे विचारण्याचा हक्क ज्यांच्या अंगणात ती राख पडते त्यांचा आहे. रिव्हरसाइडच्या बागाइतदारांनी तो बजावला होता.