एरंडाचं गुऱ्हाळ

निष्फळ बडबडीला आपण एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतो. एरंड चरकात घातला तर हाती काय लागणार? पण १९७९ साली मोबिल या तेल कंपनीच्या वाइझ, हाग आणि रोडेवाल्ड या संशोधकांनी एरंडेलापासून चक्क पेट्रोल काढलं. 'सायन्स' नियतकालिकातला त्यांचा निबंध जेमतेम दोन पानांचा. एरंडेल, मक्याचं तेल, होहोबाचं तेल, एवढंच काय रबराच्या झाडाचा चीकही त्यांनी तापवून एका पांढऱ्या भुकटीवरून नेला. घातलेल्या जिनसा इतक्या वेगवेगळ्या, तरी निघालं ते पेट्रोलच्या जातीचंच इंधन. या कुळकथेचा मूळपुरुष तेल नव्हे, ती भुकटी आहे.

तिचं घराणं दगडाचं. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने एक खनिज फुंकणीच्या ज्योतीवर धरलं, तर ते फसफसून उकळू लागलं. त्याने ग्रीकमधून नाव दिलं झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. आतल्या सूक्ष्म पोकळ्यांत दडलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत होतं. हा दगड आपल्याला परका नाही. दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलॅंडाइट हे झिओलाइट भरलेले असतात. नाशिक-जळगाव-पुण्याकडे विहीर खणताना ते निघतात, आणि इथले नमुने जगभरच्या संग्रहालयांत मिरवतात. दिसायला देखणे, पण पेट्रोल काढायच्या कामाचे नव्हेत.

त्या कामाचा दगड माणसाने घडवला. मोबिलच्याच आर्गाउअर आणि लँडोल्ट यांनी सिलिका व अ‍ॅल्युमिना एका सेंद्रिय क्षाराभोवती वाढवले आणि मग तो क्षार जाळून टाकला. ओतारी मेणाची मूर्ती वितळवून जागा रिकामी करतो, तसाच हा प्रकार. उरली ती बोगद्यांची जाळी. १९७२ साली तिचं पेटंट निघालं. नाव अगदीच रुक्ष: झेडएसएम-५.

बोगद्याची रुंदी साधारण अर्धा नॅनोमीटर, आणि सगळी करामत त्या मापात आहे. एरंडेलाच्या रेणूत १८ कार्बनच्या तीन शेपट्या असतात. सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला बोगद्यातल्या आम्लाच्या जागांवर त्या तुटतात. ऑक्सिजन पाणी आणि कार्बनचे वायू होऊन निघून जातो. उरलेले तुकडे पुन्हा जुळतात, कडी करतात, टोल्युइन-झायलीन होतात. यापेक्षा मोठं काही झालं तर त्याला बाहेरची वाट नसते. दहाएक कार्बनच्या आतला रेणूच सुटतो, आणि पेट्रोल म्हणजे नेमकी हीच वस्ती.

वनस्पतितेलातून पेट्रोल हे स्वप्न मात्र या जाळीहून जुनं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलची चणचण असलेल्या चीनने तुंग झाडाचं तेल तापवून, फोडून मोटारींसाठी इंधन केलं होतं. तिथे रेणूंना मापात ठेवणारी जाळी नव्हती.

मग पंपावर हे पेट्रोल का नाही? काजळी हे एक कारण. ती बोगदे बुजवते, भुकटी वारंवार भाजून काढावी लागते. त्याहून मोठं कारण तराजूत आहे. एरंडेलाच्या वजनात सुमारे १५ टक्के ऑक्सिजन असतो. तो जाताना रिकाम्या हाताने जात नाही, थोडा हायड्रोजन आणि कार्बनही घेऊन जातो. वायू आणि काजळीत आणखी काही हरवतं. त्यामुळे डब्यातलं तेल आणि टाकीतलं पेट्रोल यांचा हिशेब कधी जुळत नाही. शिवाय वंगणापासून रंगांपर्यंत एरंडेलाला बरी गिऱ्हाइकं आहेत. मक्याचं तेल तर ताटातलंच. जाळीला स्वस्त खाद्य मिळालं ते दुसरीकडे. १९८०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये मोटुनुईला याच झेडएसएम-५ वर मोठा कारखाना उभा राहिला, आणि त्यात घालत होते नैसर्गिक वायूपासून केलेलं मिथेनॉल.