सिक्युअर बूट म्हणजे काय? लॅपटॉपमध्ये लिनक्स टाकताना ते आड का येतं?

विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. बरेच जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीसारख्या गावात असा चालू लॅपटॉप भंगारात देण्यापेक्षा त्यात मोफत मिळणारं लिनक्स टाकणं केव्हाही परवडतं. पण लिनक्सचा पेनड्राइव्ह लावल्यावर कधीकधी स्क्रीनवर 'सिक्युअर बूट व्हायोलेशन' असा संदेश येतो आणि काम तिथेच अडतं. असं का होतं?

सिक्युअर बूट काय करतं?

बटण दाबल्यावर सर्वात आधी मदरबोर्डवरचं यूईएफआय सुरू होतं. जुन्या बायोसची जागा आता त्याने घेतली आहे. सिक्युअर बूट चालू असेल, तर यूईएफआय पुढच्या प्रोग्रामची डिजिटल सही तपासतं. सही ओळखीची नसेल, तर तो प्रोग्राम सुरूच होत नाही. विंडोजच्याही आधी जागा होणारा व्हायरस अँटिव्हायरसला सहज सापडत नाही. त्याला रोखण्यासाठी ही सोय आहे.

मग वाद कशाचा?

कोणती सही ओळखायची, हे संगणकात आधीच भरलेल्या 'की' ठरवतात. बहुतेक संगणकांत त्या मायक्रोसॉफ्टच्या असतात. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हा त्याचं प्रमाणपत्र हवं असलेल्या कंपन्यांना सिक्युअर बूट चालू ठेवूनच संगणक विकावे लागले. साध्या पीसीवर ते बंद करण्याची सोय देणं बंधनकारक होतं. एआरएम चिप असलेल्या विंडोज आरटी टॅबलेटवर मात्र ती सोय देण्यास मनाई होती. स्पेनमधल्या 'हिस्पालिनक्स' या संघटनेने २०१३ मध्ये युरोपियन कमिशनकडे याविरोधात तक्रार केली.

लिनक्सने मार्ग कसा काढला?

'शिम' नावाच्या छोट्या प्रोग्रामवर मायक्रोसॉफ्टची सही घेतली जाते आणि शिम पुढे लिनक्स तपासून सुरू करतो. त्यामुळे उबुंटू, फेडोरा, डेबियन सिक्युअर बूट चालू असतानाही चालतात. लहान गटांनी बनवलेल्या अनेक सिस्टीमकडे अशी सही नसते.

काळजी अजून का आहे?

- २०१५ मध्ये विंडोज १० आल्यावर 'बंद' करण्याची सोय द्यायची की नाही, हे कंपन्यांवर सोडण्यात आलं.
- ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटनंतर, विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईना.
- मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. त्यामुळे संगणक लगेच बंद पडत नाहीत. पण पुढच्या नव्या शिमसाठी संगणकात २०२३ ची नवी प्रमाणपत्रं लागतील. जुन्या मॉडेलसाठी कंपनीने बायोस अपडेट देणं थांबवलं असेल, तर अडचण येऊ शकते.

म्हणजे संगणक तुमचा असला, तरी त्यात काय चालेल हे काही अंशी दुसऱ्याच्या सहीवर ठरतं.

तुम्ही काय कराल?

- विंडोजच्या 'सिस्टीम इन्फर्मेशन'मध्ये 'सिक्युअर बूट स्टेट' पाहा.
- आधी सही असलेलं लिनक्स वापरून पाहा. त्यासाठी सिक्युअर बूट बंद करावं लागत नाही.
- बंद करायचंच असेल, तर आधी फाइल्सचा बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवा. नाहीतर विंडोज ती की मागेल आणि तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येणार नाही.
- नवा लॅपटॉप घेताना रॅम आणि स्टोरेजसोबत 'यात सिक्युअर बूट बंद करता येतं का?' हेही दुकानदाराला विचारा.